भूजल उपशाची नोंद : कायदा कडक, मोजमाप अंदाजे

ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे पाणी प्रामुख्याने भातसा, बारवी आणि उल्हास नदीचे. महापालिका, स्टेम प्राधिकरण व एमआयडीसी ते उचलतात, त्यामुळे त्याचा हिशेब ठेवता येतो. गृहसंकुलांच्या कूपनलिकांचे आणि विहिरींवर भरणाऱ्या खासगी टँकरचे पाणी मात्र या हिशेबाबाहेर राहते. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत आलेली २७ गावे असोत वा घोडबंदर पट्टा, टंचाई वाढली की भार पडतो तो याच पाण्यावर.

जमीन ज्याची, पाणी त्याचे, ही धारणा १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून रुजलेली आहे. तिला राज्यात पहिला लगाम घातला तो १९९३ च्या कायद्याने. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर त्याने निर्बंध आणले. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ राष्ट्रपतींच्या संमतीनंतर १ जून २०१४ पासून लागू झाला. विहिरींची आणि खोदाई यंत्रांच्या मालकांची नोंदणी त्यात आहे. राज्य भूजल प्राधिकरण म्हणून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण काम पाहते. ६० मीटर वा अधिक खोलीची विहीर ही 'खोल विहीर'. शेती व उद्योगासाठी ती घेण्यास मनाई आहे. घरगुती वापराचा उल्लेख त्यात नाही, आणि शहरांत खरा प्रश्न नेमका तोच आहे.

कायद्यातील कठोर तरतुदी अधिसूचित क्षेत्रांसाठी आहेत. ठाणे जिल्हा भूजल मूल्यांकनात 'सुरक्षित' गटात मोडतो. कोकणातला पाऊस पाहता हे नवल नव्हे. परंतु हे मूल्यांकन तालुका वा पाणलोट क्षेत्राचे असते, एखाद्या वसाहतीचे नव्हे. शिवाय त्यातील उपसा मीटरवर मोजलेला नसून, विहिरींची संख्या आणि प्रत्येकीचा सरासरी उपसा यांवरून काढलेला असतो. येथील काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात व खालच्या भेगांत. त्यामुळे शेजारच्या संकुलाने खोल कूपनलिका घेतली की जुनी विहीर आटू शकते, आणि खाडीलगत खारे पाणी आत सरकण्याचा धोका असतो.

मीटरची सक्ती येते ती केंद्रीय भूजल प्राधिकरणाकडून. २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ना हरकत प्रमाणपत्र घेणाऱ्यास छेडछाड न करता येणारा डिजिटल प्रवाहमापक बसवावा लागतो; त्याची आकडेवारी दूरसंवेदन यंत्रणेने पाठवायची असते. टँकरने भूजल पुरविणाऱ्यांनाही प्रमाणपत्र बंधनकारक झाले. वैयक्तिक घरगुती वापर, शेती व दिवसाला १० घनमीटरहून कमी पाणी घेणारे लघुउद्योग यांना सूट आहे. २०२२ मध्ये प्राधिकरणाने गृहनिर्माण संस्थांसह पेयजल व घरगुती वापरकर्त्यांना १० हजार रुपये भरून नोंदणी करण्यास सांगितले. ३० जूनची मुदत नंतर ३० सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. काळबादेवीतील एका इमारतीच्या आवारातील विहिरींतून ११ वर्षे पाणी उपसून टँकरने विकल्याची तक्रार ऑक्टोबर २०१९ मध्ये आझाद मैदान पोलिसांत दाखल झाली. तक्रारीत या पाण्याची किंमत सुमारे ७३ कोटी रुपये धरण्यात आली होती.