मोटारीची सनद आणि सांगाड्यावरील अंक

ताम्रपट व त्याची नक्कल यांत पाठभेद आढळल्यास निर्णय ताम्रपटानें होतो. जुन्या मोटारींच्या मालकीपत्रांसही हाच न्याय लागू आहे. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाड्या अमेरिकेंत १९२७ ते १९३१ या काळांत निघाल्या. एंजिनावरील अंकच सांगाड्याच्या डाव्या तुळईवरही ठोकीत. परंतु बॉडी बसतांच तो झांकला जाई. यामुळें अनेक राज्यांत सरकारी नोंद एंजिनाच्या अंकावरून झाली. पुढें एंजिन झिजून दुसरें बसविलें; सनद मात्र जुनीच राहिली. म्हणून अंकभेद दिसतांच चोरीचा तर्क करणें घाईचें होय.

प्रथम बॉडी उचलून सांगाडा वाचावा. तेथील अंक सनदेशीं जुळला तर गाडी तीच, एंजिन तेवढें आगंतुक. न जुळल्यास पूर्वीचीं विक्रीपत्रें मिळवून नोंदणी कचेरीकडून रीतसर तपासणी करवावी. सनदेशीं मेळ बसावा म्हणून लोखंडावर नवा अंक ठोकणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय तो शिलालेख खरवडून पाठ सुधारण्याचा प्रकार आहे. त्यानें गाडीची खरी साक्ष कायमची नष्ट होते. दुरुस्ती कागदाची करावी, पुराव्याची नव्हे.