पाठ कोणाचा तपासायचा?

1996 सालची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. छात्रसेवाकालात धडगावकडच्या एका शाळेत माझा पाठ होता. घटक 'विहीर'. टाचण तीनदा लिहिलेलं, तक्ता रात्री जागून रंगवलेला. मार्गदर्शक सर मागे खुर्ची टाकून बसले.

वहीत शेरा आला : प्रस्तावना चांगली, फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट. मी खूश!

सर एसटीनं निघून गेल्यावर त्या वर्गाचे गुरुजी जवळ आले. म्हणाले, "भाऊ, पाठ झकास झाला. पण या पाड्यावर विहीरच नाही. पोरं झिऱ्याचं पाणी पितात. आणि घरी पावरी बोलतात. झिऱ्यापासून सुरुवात केली असती तर बोलली असती ना!"

खरंच, तासभरात चारच मुलांनी तोंड उघडलं होतं. पण ते वहीत कुठंच नव्हतं. कारण वहीत तसा रकानाच नव्हता.

हा रकाना का नव्हता, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आपल्याकडे शिक्षकाचं काम बघायला बाहेरचा माणूस येतो ही रीत इंग्रजी अमदानीतली. गावोगावी त्याला 'दिपोटी' म्हणायचे. 1860 नंतर मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. साहेब येणार, मुलांची परीक्षा घेणार, त्यावर शाळेचे पैसे ठरणार. मग मास्तर काय करणार? साहेबाला जे दिसतं तेच शिकवणार. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीत निघाली, पण साहेब येण्याआधी वर्ग सजवायची सवय काही गेली नाही.

याच काळात, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातल्या बहुजनांच्या शिक्षणाच्या मागणीबद्दल आपण बोलतो. पण तपासणीबद्दलही त्यांनी नेमकं लिहिलंय. दिपोटी वर्षातून एकदा येतो, त्याचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ न कळवता जावं. शिवाय शिक्षक प्रशिक्षित हवेत, आणि होता होईल तो शेतकरी समाजातले हवेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. म्हणजे बघा, मुलाचं घर ओळखणारा शिक्षक ही मागणी 1882 ची आहे!

प्रशिक्षण पुढे वाढलं, पण पाठाचा साचा आला हर्बार्टच्या पंचपदीचा. पायऱ्या ओळीनं झाल्या की पाठ पास. मग 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन सुरू झालं आणि काही वर्षांत भारतात आलं. ज्यांनी बी.एड., डी.एड. केलंय त्यांना ते 36 मिनिटांचं चक्र आठवत असेल : 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं फेरनियोजन, 6 मिनिटं पुन्हा पाठ, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यातली कल्पना फार मोलाची होती. चूक सांगायची आणि लगेच सुधारायची संधीही द्यायची. पण आपल्याकडे समोर विद्यार्थी म्हणून बसायचे वर्गमित्रच. खरं पोर पुन्हा बाहेरच राहिलं.

नंतर खासगी डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. महाराष्ट्रातल्या या मान्यतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. 2012 मध्ये अहवाल आला. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात 20 आठवड्यांची आंतरवासिता आली. म्हणजे छात्राध्यापकाला खऱ्या वर्गात राहायला वेळ मिळाला. कागदावर तरी.

आता मी मागच्या खुर्चीवर बसतो. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणारी मुलं समोर असतात. छापील नमुना भरतोच, गुण द्यावेच लागतात. पण वहीच्या मागच्या पानावर मी तीन गोष्टी लिहितो : किती मुलं बोलली, कोणत्या भाषेत बोलली, आणि जी गप्प राहिली ती कुठं बसली होती. मग आम्ही दोघं झाडाखाली बसून त्यावर बोलतो. त्यानंतर तोच पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुसऱ्या दिवशी गप्प पोरांपैकी दोघं जरी बोलली, तरी त्या छात्राध्यापकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

2011 च्या जनगणनेत साक्षरतेत आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मागे होता. दोष मुलांचा म्हणून किती दिवस सांगणार? त्यांच्या मास्तरांना आपण तपासलं कशावर, तर फलकलेखनावर!

माझे खरे परीक्षक ते धडगावचे गुरुजी. त्यांनी एकही गुण दिला नाही, पण त्यानंतर 'विहीर' मी कधीच विहिरीपासून शिकवली नाही.

तुमच्या पाठाला मिळालेला असा एखादा शेरा आठवतो का? वहीतला नको, वहीबाहेरचा. खाली नक्की लिहा.