शुक नदीकाठचे न लिहिलेले दप्तर

मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येणाऱ्या प्रवाशास सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरताना पहिले मोठे गाव लागते ते खारेपाटण. शुक नदीच्या काठची ही जुनी बाजारपेठ. पावसाळ्यात नदीचे पाणी बाजारात शिरल्याची बातमी बहुतेक दरवर्षी आपल्या वाचनात येते. हेच पाणी पुढे वाघोटणवरून विजयदुर्गच्या खाडीत उतरते. समुद्र येथून सुमारे चाळीस किलोमीटर दूर आहे; तरीही एके काळी मालाची गलबते भरतीच्या पाण्याबरोबर येथवर येत. पुढे खाडीत गाळ साचत गेला, मोठ्या नौका खालीच थांबू लागल्या आणि खारेपाटणचे बंदरपण ओसरले.

या गावाचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत राहिले ते येथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मध्ये शिलाहार राजा रट्टराज याने अव्वेश्वराच्या देवालयास दिलेल्या दानाचा लेख त्यांत आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवालयास मिळावा, असे त्यात नमूद आहे. सुमारे नऊ दशकांनंतरच्या, शके १०१६ च्या अनंतदेवाच्या ताम्रपटात दोघा व्यापारी अमात्यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केल्याची नोंद आढळते. रट्टराजाच्या ताम्रपटाचे वाचन प्रथम प्रसिद्ध केले ते बाळशास्त्री जांभेकरांनी. ज्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले तेच हे बाळशास्त्री. त्यांचे पोंभुर्ले हे गाव शेजारच्याच देवगड तालुक्यातले.

या लेखातील एका तपशिलाकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. देवालयाच्या सेवेसाठी राजाने जमिनीबरोबर काही कुटुंबेही नेमून दिली : तेल्याचे घर, माळ्याचे घर, कुंभाराचे घर, परिटाचे घर. राजाची वंशावळ पिढ्यांनुसार दिलेली आहे. दान घेणाऱ्या गुरूचेही नाव आहे. ही घरे मात्र त्यांच्या व्यवसायावरूनच ओळखली जातात. दिवा ज्याच्या तेलाने जळणार, त्या तेल्याला घाण्यावर कोणते गाणे येत होते, हे लिहून ठेवण्याची गरज राजाच्या लेखकास वाटली नाही. ताम्रपट हजार वर्षे टिकला, पण तो देणाऱ्याचा ताम्रपट होता. करणाऱ्याचे दप्तर तोंडीच राहिले.

ते तोंडी दप्तर या नदीकाठी आजही पुष्कळ शिल्लक आहे. गावऱ्हाटीतील मानकऱ्यांचा क्रम, देवासमोर घातले जाणारे गाऱ्हाणे आणि त्याला जमावाने दिलेला ‘होय महाराजा’ हा होकार, शिमग्याची पालखी, कार्तिकानंतरच्या जत्रा, ही त्या दप्तराचीच पाने होत. खारेपाटण दोन मुलुखांच्या सांध्यावर वसले आहे. उत्तरेस राजापूर–रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी यांचा जोर. दक्षिणेस मालवणी बोलीचा आणि दशावताराचा मुलूख. परंतु हा सांधा म्हणजे भिंत नव्हे. दशावतार कोकणात रुजवल्याचे श्रेय परंपरा ज्या श्यामजी नाईक काळे यांना देते, ते राजापूरकडील आडिवऱ्याचे मानले जातात.

ज्ञानाचीही हीच गोष्ट आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हिशेब सोपा आहे, पण तो समुद्राच्या तोंडाशी धरलेला आहे. खाडीतून आत येता येता भरती उशिरा पोहोचते. मग वाघोटणास किती वेळ मिळवावा, त्याहून आत किती, हे तेथे होडी हाकणाऱ्यालाच ठाऊक असते. पुलांमुळे तरी बंद पडल्या की हा हिशेबही अडगळीत जातो. संग्राहकाने टिपून घ्यावयाची ती नेमकी अशी स्थानिक दुरुस्ती. ती पुस्तकात सापडत नाही.

हे सर्व आम्ही शेजाऱ्यांविषयी लिहीत आहोत असे वाचकांनी समजू नये. आपल्या घरांतही हेच घडत आहे, आणि त्यात आमचा स्वतःचा दोष आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मातेकडे आम्ही ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेलो होतो. लग्नघरच्या आणि दळणाच्या ओव्या तिला पुष्कळ येत, असे ऐकले होते. ती हसून म्हणाली, “फादर, जातां खंय आसा आता? हात फिरलो नाय तर ओवी खंयसून येतली?” जाते मिळवून पुन्हा येतो, असे सांगून आम्ही परतलो. सण आले, वर्ग आले, प्रवास आले. जाणे राहून गेले. पुढच्या वर्षी दफनाच्या नोंदवहीत तिचे नाव, वय व तारीख आम्ही आमच्याच हाताने बिनचूक लिहिली. ओव्या लिहिल्या नाहीत.

ओवीचा आणि आपला संबंध जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. लोकांच्या कानात जो छंद होता, त्याच छंदात त्यांनी शुभवर्तमान सांगितले. पुढे १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने फर्मान काढून लग्नातील ओव्या, हळद, विडा अशा कित्येक चालींना बंदी घातली. आज ते वाचताना मान खाली जाते. त्याच वेळी एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : त्या काळच्या आपल्या लग्नाचा तपशील ज्या कागदांत मिळतो, त्यांत हे बंदीचे फर्मानच एक प्रमुख आहे. मनाई करणाऱ्याने जितके बारकाईने टिपले, तितके प्रेम करणाऱ्यांनी टिपले नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या संगीतपरंपरेचा मान राखावा असे सांगितले. परंतु मान राखण्यासाठी ती परंपरा आधी जिवंत सापडावयास हवी.

हे काम अशक्य आहे असेही नाही. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव त्यांनी नोंदले, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. रट्टराजाच्या लेखकाने सोडलेली जागा येथे भरून निघाली.

नोंदवहीची सवय आपणांस नवी नाही. विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंट परिषदेने १५६३ साली घातला, आणि तेव्हापासून नाव, दिवस, स्थळ व साक्षीदार यांवाचून आपली नोंद पुरी होत नाही. हीच शिस्त गाण्यास लावावी. कोणी म्हटले, कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे लिहावे. शब्द बोलीतले असतील तसेच ठेवावे. शुद्ध करू नयेत. एकाच ओवीचे दोन पाठ मिळाले तर दोन्ही घ्यावे. शेजाऱ्यांच्या देवळाच्या अंगणात आपण पाहुणे आहोत, हे विसरू नये. जे बाहेर सांगावयाचे नाही असे ते म्हणतील, ते विचारू नये; आणि विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

येत्या नाताळास मुले-नातवंडे मुंबईहून घरी येतील. त्यांच्या खिशातील फोनवर ध्वनिमुद्रण होते. आमच्यासारखी यंत्राची सबब त्यांना सांगता येणार नाही. एका संध्याकाळी आजीला मधोमध बसवा. माळ्यावरचे जाते खाली उतरवा, त्यात मूठभर तांदूळ घाला आणि खुंटा तिच्या हाती द्या. ती जे गाईल ते एका वहीत उतरवा; पहिल्या ओळीत तिचे नाव लिहा, माहेरच्या गावासह.