पाच शतांश सेकंदांचा न्याय

बर्मिंगहॅम येथे २०२२ साली झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेतील ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत आठवा. केनियाचे अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पोचले, बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) गावचे अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत. सुवर्ण आणि रौप्य यांत फरक ०.०५ सेकंदाचा! त्या शर्यतीच्या सरासरी वेगाने हे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर भरते. इतका बारीक निवाडा आपण कशाच्या आधारे मान्य करतो?

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत पंचांकडून एक फेरी मोजायची राहिली. धावपटू सुमारे ३४६० मीटर धावले. ३००० मीटरला दुसरा असलेला अमेरिकेचा जो मॅक्लस्की जादा फेरीत मागे पडला आणि त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

१९६० साली रोममध्ये ४०० मीटर शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. स्टॉपवॉचने त्यांची वेळ ४५.६ सेकंद भरली, विद्युत यंत्रणेने ४५.७३. असे का? पिस्तुलाचा बार झाल्यावर घड्याळ सुरू करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. शेवटी मात्र धावपटू येताना दिसतो आणि बोट आधीच सज्ज असते. म्हणून हाताने मोजलेली वेळ बहुधा कमी भरते. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांसाठी स्वयंचलित विद्युत नोंद सक्तीची झाली. आज अंतिम रेषेवरचा कॅमेरा एका अरुंद फटीतून फक्त ती रेषाच पाहतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. हात किंवा पाय नव्हे, तर धड रेषेवर कधी आले ते पाहून निकाल ठरतो.

आता आपल्या शाळेच्या मैदानाकडे वळू. आपण स्टॉपवॉच घेऊन बसतो तेव्हा त्यावर शतांश दिसतात, पण आपल्या बोटाला शतांश कळत नाहीत! दोन वेगळ्या शिक्षकांच्या घड्याळांतील ०.०५ सेकंदाच्या फरकावर एखाद्या मुलीची तालुक्यासाठीची निवड हुकली, तर तो निकाल घड्याळाचा नसून आपल्या बोटाचा असतो. अशा वेळी दोघींना पुन्हा एकत्र धावायला लावावे. शिवाय १०० मीटरच्या शर्यतीत घड्याळ आवाजावर नव्हे, तर पिस्तुलाचा धूर किंवा खाली येणारे निशाण पाहून सुरू करावे. आवाजाला तेवढे अंतर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात.

बर्मिंगहॅमला न्याय यंत्राने केला. गावच्या मैदानावर तो आपल्यालाच करायचा आहे.