रॅसिमिक : एका रासायनिक संज्ञेचा अर्थ आणि वापर

एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले, परंतु एकमेकांवर तंतोतंत न बसणारे दोन रेणू समप्रमाणात एकत्र असतील, तर त्या पदार्थाला कार्बनी रसायनशास्त्रात ‘रॅसिमिक’ असे म्हणतात. उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात बसत नाही, तसाच या रेणूंचा संबंध असतो. जोडीतील प्रत्येक रूपाला प्रतिबिंबरूप किंवा एनॅन्शिओमर अशी संज्ञा आहे. एक रूप ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते, दुसरे तितकेच डावीकडे. त्यांना अनुक्रमे दक्षिणवलनी आणि वामवलनी म्हणतात. दोन्ही समप्रमाणात असल्यास परिणाम परस्परांना छेदतो आणि प्रकाश वळत नाही.

व्युत्पत्ती आणि शोध

‘रासेमस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घड. द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत साचणाऱ्या साक्यातून टार्टारिक अम्ल मिळते व ते प्रकाश उजवीकडे वळविते. त्याच घटकांचे, पण प्रकाश न वळविणारे दुसरे अम्लही आढळले. त्याला रॅसिमिक अम्ल हे नाव मिळाले. म्हणजे हा शब्द प्रथम एका विशिष्ट पदार्थाचे नाव होता.

१८४८ साली लुई पाश्चर यांनी या अम्लाच्या सोडियम अमोनियम लवणाचे स्फटिक तपासले. ते दोन प्रकारचे असून एकमेकांच्या प्रतिमेसारखे होते. पाश्चर यांनी ते चिमट्याने वेगळे केले. दोन्ही ढिगांचे स्वतंत्र विद्राव प्रकाश विरुद्ध दिशांना वळवीत होते, तर समप्रमाणात एकत्र केल्यावर तो वळेनासा झाला. या निष्कर्षानंतर एका अम्लाचे नाव संपूर्ण वर्गाची संज्ञा बनले. १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनच्या चतुष्फलकीय रचनेची कल्पना स्वतंत्रपणे मांडून या घटनेचे स्पष्टीकरण दिले.

वापरातील बारकावे

रॅसिमिक पदार्थाच्या नावाआधी (±) ही खूण किंवा ‘रॅक’ हा उपसर्ग लावतात. ‘रॅसिमिक मिश्रण’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी त्यातून दोन अर्थ निघतात : एक सर्वसामान्य, तर दुसरा पाश्चर यांच्या लवणाप्रमाणे दोन्ही रूपांचे स्फटिक वेगवेगळे बनलेल्या घन पदार्थापुरता. त्यामुळे रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना सर्वसामान्य अर्थाने ‘रॅसिमेट’ हा शब्द वापरण्याची शिफारस करते.

मेसो-टार्टारिक अम्लही प्रकाश वळवीत नाही. पण ते रॅसिमिक नव्हे. ते मिश्रण नसून एकाच प्रकारच्या रेणूंचे बनलेले आहे आणि त्या रेणूचे दोन अर्धभाग परस्परांचा परिणाम छेदतात. तसेच ‘आर’ आणि ‘एस’ ही अक्षरे अणूंची अवकाशातील मांडणी सांगतात, प्रकाश वळण्याची दिशा नव्हे. आयब्युप्रोफेनचे ‘एस’ रूप दक्षिणवलनी आहे, तर लेव्होसेटिरिझिन वामवलनी असूनही त्याची मांडणी ‘आर’ आहे.

औषधांच्या वेष्टनावर

शरीरातील प्रथिनेही एका विशिष्ट बाजूची असल्याने दोन रूपांचे परिणाम भिन्न असू शकतात. आयब्युप्रोफेन साधारणपणे रॅसिमिक स्वरूपात विकले जाते. त्यातील ‘एस’ रूप मुख्यतः वेदनाशामक असून शरीर ‘आर’ रूपाचा बराचसा भाग त्यात बदलते. सेटिरिझिनचा परिणाम प्रामुख्याने त्यातील एका रूपामुळे होतो. ते रूप वेगळे काढलेले औषध म्हणजे लेव्होसेटिरिझिन. म्हणून सेटिरिझिनची प्रौढांची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम, तर लेव्होसेटिरिझिनची ५ मिलिग्रॅम असते. मात्र निम्म्या मात्रेचा हा हिशेब सर्वत्र लागू पडत नाही : ओमेप्राझोल आणि त्याचे एक रूप असलेले एसओमेप्राझोल ही दोन्ही औषधे २० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिली जातात.

भारतातून औषधे नेणाऱ्यांच्या दृष्टीने नावातील ‘लेव्हो’ किंवा ‘एस’ म्हणूनच महत्त्वाचे ठरते. भारतातील सालब्युटामोल अमेरिकेत अल्ब्युटेरोल या नावाने मिळते, तर लेव्होसालब्युटामोलचे तेथील नाव लेव्हअल्ब्युटेरोल आहे. पहिले रॅसिमिक, दुसरे एकरूप. एकाच्या जागी दुसरे घेण्यापूर्वी औषधनिर्मात्याला किंवा डॉक्टरांना मूळ नाव आणि मात्रा दोन्ही दाखविणे आवश्यक असते.

थॅलिडोमाइडचा धडा

१९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड रॅसिमिक होते. गर्भवतींनी ते घेतल्याने हजारो अर्भके अवयवांतील व्यंगांसह जन्मली आणि १९६१ मध्ये तेथे ते मागे घेण्यात आले. ‘निर्धोक रूप तेवढे दिले असते तर अनर्थ टळला असता’ असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु त्याची दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत बदलतात. त्यामुळे एकच शुद्ध रूप दिले, तरी दुसरे रक्तात तयार होतेच. एका रूपापासून दोहोंचे समप्रमाण होण्याच्या या क्रियेला रॅसिमीकरण म्हणतात.

१९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा औषधांविषयी धोरण जाहीर केले. रॅसिमिक औषधांवर त्यात बंदी नव्हती. प्रत्येक रूपाचे गुणधर्म आणि शरीरातील वर्तन जाणून घ्यावे, हा त्याचा रोख होता. ‘रॅसिमिक’ म्हणजे भेसळयुक्त किंवा हलक्या प्रतीचे, असा अर्थ घेणे म्हणून चुकीचे आहे. ही संज्ञा केवळ दोन रूपांचे प्रमाण सांगते. औषध निर्धोक आहे की नाही, हे प्रत्येक रूपाची स्वतंत्र पारख केल्यावरच ठरते.