मूर्त आणि अमूर्त : जैन चित्रपरंपरेतील दोन वाटा

जैन तत्त्वविचारात ज्याला स्पर्श, रस, गंध व वर्ण आहे ते मूर्त. जीव मात्र अमूर्त. कलासमीक्षेत 'अमूर्त' हा शब्द विसाव्या शतकात रूढ झाला. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही ते चित्रात कसे आणावे, हा प्रश्न आपल्या चित्रकारांपुढे त्यापूर्वीच शतकानुशतके उभा होता.

वडसा परिसरातील आपली नजर झाडीपट्टीच्या नाटकांतील रंगविलेल्या पडद्यांवर घडलेली आहे. राजवाडा खरा भासावा, रस्ता दूर जाता जाता निमुळता व्हावा, हीच आपली चित्राची कसोटी. त्या नजरेने पंधराव्या शतकातील कल्पसूत्राची पोथी पाहिली तर काय दिसते? टोकदार नाक, सपाट लाल अथवा निळी पार्श्वभूमी, सोन्याची झळाळी. आणि चेहरा एका बाजूस वळलेला असूनही पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर आलेला. छायाप्रकाश नाही, जवळ-दूर नाही. मग 'चित्रकाराचा हात कच्चा होता' असा शेरा सहज मारला जातो.

हा शेरा अन्यायाचा आहे. त्याच शैलीतील कालकाचार्य कथेच्या पोथ्यांत परदेशी शाही राजांचे चेहरे गोलसर आहेत, वेष निराळा आहे आणि तो बाहेर आलेला डोळा तेथे नाही. म्हणजे वेगळा चेहरा काढणे चित्रकाराला अवगत होते. कोणासाठी कोणती रीत योजावी, हे तो जाणून ठरवीत होता.

उलट उदाहरण आग्र्याचे. १६१० साली तेथील जैन संघाने आचार्य विजयसेनसूरींना विज्ञप्तिपत्र पाठविले. पर्युषणात प्राणिहत्येस मनाई करणाऱ्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात उस्ताद शालिवाहन यांनी रंगविला. दरबार, माणसे, बाजार जसे पाहिले तसे चितारल्याचा निर्वाळाही पत्रात आहे. येथे चित्र ही साक्ष होती, म्हणून वास्तवाची वाट उचित ठरली.

आपल्या विदर्भातही हा वारसा आहे. जिनसागरांच्या मराठी सुगंधदशमी कथेची अठराव्या शतकातील सचित्र पोथी नागपूरच्या सेनगण मंदिरातील, डॉ. हीरालाल जैन यांनी १९६६ मध्ये भारतीय ज्ञानपीठातर्फे ती कथा चित्रांसह प्रकाशात आणली. कथाच गंधाची! गंध मूर्त खरा, पण कुंचल्याला तो कसा सापडावा? जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी चित्रे ओबडधोबड म्हणून पुसून त्या जागी छायाचित्रासारखी गुळगुळीत चित्रे काढली जातात, तेव्हा हा सारा विचारच पुसला जातो, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांनी लघुचित्रे अभ्यासताना आकृती वगळून केवळ रंगांचे प्रमाण पाहण्यास आरंभ केला. गंमत अशी, की आपल्या कामाला 'अमूर्त' म्हटलेले त्यांना रुचत नसे.

आणि दिगंबर मंदिरांतील सिद्धप्रतिमा? शरीर सुटलेल्या सिद्धांना रूप कोणते द्यावे? कारागिराने धातूच्या पत्र्यातून कायोत्सर्गातील मानवाकृती कापून काढून टाकली. मागे राहिली ती केवळ आकाराची पोकळी. दर्शन घेणाऱ्याची नजर तिच्यातून आरपार पलीकडे जाते.