न्हाणीघरातील विस्तव आणि हवेची वाट

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर घर उबदार ठेवण्यासाठी विस्तव पेटवण्याची वेळ क्वचितच येते. मुंबईत सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता, पण तो अपवाद. येथे विस्तव लागत आला तो स्वयंपाकाला, आंघोळीच्या पाण्याला आणि बाळंतिणीच्या शेकाला. कार्बन मोनॉक्साइड या वायूचा धोका मराठी घरात याच वाटांनी आला.

जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगणात किंवा परसाच्या कडेला असे. चुलाणावर हंडा चढवायचा आणि खाली पालापाचोळा, नारळाची सोडणे, गोवऱ्या सारायच्या. भिंती अर्ध्या आणि वर कौले असल्याने धूर फटींतून निघून जाई. देशावरच्या माळवदाच्या घरांत छताला साणे ठेवलेले असे. उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. धुराने डोळे चुरचुरत, खोकला येई, आणि आतला माणूस आपोआप दाराकडे वळे.

त्यानंतर तांब्याचा बंब आला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोके देऊन, मठारून असे बंब घडवले जात. बंबाच्या मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि भोवती पाणी. नळीत बारीक चिरलेले लाकूड, म्हणजे बंबफोड, टाकत राहायचे. खालून हवा ओढली जाई आणि वरून धूर बाहेर पडे. हे यंत्र घराच्या मागीलदारी, उघड्यावर पेटवायचे असते, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे.

बाळंतिणीच्या खोलीत मात्र नेमके उलटे घडे. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली जात असे आणि तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी दिली जाई. हेतू मायेचा असे. पण लाल निखाऱ्याला फारसा धूर नसतो आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच सर्वाधिक निघतो. बंद खोलीत बाळ-बाळंतिणीला तो किती घातक आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

या वायूला रंग, वास, चव नाही. इंधन अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. ब्रिटनमधील खाणस्फोटांत बळी गेलेल्या कामगारांचा अभ्यास करून जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1896 मध्ये दाखवून दिले, की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर या वायूने घेतला होता.

पुढे शहरे वाढली आणि घरे बदलली, तसा हा धोका नव्या रूपात आला. मुंबईच्या उत्तरेला मिठागरे, भातशेती आणि कोळी-आगरी गावांचा जो पट्टा होता, तेथे 12 जून 1985 रोजी मीरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली. 28 फेब्रुवारी 2002 रोजी तिची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 होती.  अशा शहरातल्या इमारतींत परस नाही, मागीलदार नाही. न्हाणीचे बाथरूम झाले आणि ते घराच्या आत आले. त्याची खिडकी बहुधा डक्टकडे उघडणारी, काचपट्ट्यांची. त्यात वीजबिल वाचवणारा आणि चटकन पाणी देणारा गॅस गिझर आला. बंबाचा विस्तव असा चार भिंतींच्या आत येऊन बसला, पण त्याच्या हवेची आणि धुराची वाट त्याच्याबरोबर आली नाही.

हिशेब साधा आहे. 4 बाय 6 फुटांच्या आणि 8 फूट उंचीच्या बाथरूममध्ये सुमारे साडेपाच घनमीटर हवा मावते. एक किलो एलपीजी पुरता जळायला 12 घनमीटरांहून अधिक हवा लागते. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर दहा मिनिटे चालला, तर खोलीतील जवळजवळ एक तृतीयांश हवेइतकी हवा एकटाच वापरतो. थंडीत खिडकी लावलेली असेल तर ज्योत गुदमरते आणि वायू साचू लागतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पाय लटपटणे ही पहिली लक्षणे. पण कडी काढण्याचे त्राण उरत नाही. दुर्घटना उशिरा लक्षात येते ती त्यामुळेच.

इतर देशांतही कारण हेच असते. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली, तेव्हा अनेकांनी उबेसाठी घरातच कोळसा पेटवला किंवा जनरेटर चालवले आणि त्यांना विषबाधा झाली.

उपाय जुन्या न्हाणीतच सापडतो: विस्तव उघड्यावर ठेवणे. गॅस गिझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसवावा आणि दरवर्षी तपासून घ्यावा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर तो वापरू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, बाळंतिणीसाठीही नाही. कोणी बेशुद्ध आढळल्यास दार-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि 108 वर फोन करावा. गिझर अजून आतच असेल, तर तो हलवेपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे.